हाळावरचा शेंदूर

शेंदूर दिसला की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, या वयात देवाधर्माची एवढी चीड बरी नव्हे. अगं बाई, देवाची चीड आहे कोणाला? मला चीड आहे ती शेंदराची, आणि त्याहून जास्त एका बादलीभर पाण्याची. ते पाणी मला ओतायचं होतं आणि मी ते ओतलं नाही. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, पण राग काही जुना होत नाही.

मी सरकारी नोकरीत पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक सरळ ढोरांचा डॉक्टर म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ऐंशी-नव्वदच्या दशकात अमळनेर ते धुळे या पट्ट्यातल्या दवाखान्यांतून माझ्या बदल्या होत राहिल्या. मोपेडच्या मागे लसीची पेटी, पुढे पिशवी आणि गळ्यात कॅमेरा. कॅमेरा रशियन बनावटीचा, जुना घेतलेला, वजनाला चांगला पाटावरवंटा. सुरुवातीला मी फक्त आजारी गुरांचे फोटो काढायचो, वरिष्ठांना पाठवायला. पण एके ठिकाणी गाय तपासायला गेलो, तर तिचं दावं ज्या दगडाला बांधलं होतं त्यावर घोडेस्वार कोरलेला. म्हटलं, हे काय? घरधनी म्हणाला, "काय नही, धोंडा शे." तो धोंडा म्हणजे वीरगळ होता, लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. गाईने शेपटी मारून मारून त्याचा चेहरा पुसत आणला होता. त्या दिवसापासून मला हे वेड लागलं.

इतिहासाचे मोठे लोक मोटारीने यायचे, लेणी आणि किल्ले बघायचे, आणि परत जायचे. गोठ्यात कोण शिरतं? शेणात पाय घालायला मी होतो. कुठल्या गावात पायरीला मूर्ती लावली आहे, कुठे कपडे धुवायच्या दगडावर अक्षरं आहेत, ते मला ठाऊक असायचं, कारण त्या गावच्या म्हशीचा मी डॉक्टर. धुळ्याहून रोल आणायचो, आणि रविवारी दुपारी खिडक्यांना गोधड्या लावून मोरीत फिल्म धुवायचो. बायको बाहेरून ओरडायची, "भांडी कुठे घासू? तुमच्या डोंबलात?" तिचंही बरोबरच होतं.

वाचायला मी माझा मीच शिकलो. जुनी अक्षरवळणं वहीत गिरवली, मोडी शिकलो, मिळतील ती पुस्तकं वाचली. दगडावरची झिजलेली अक्षरं वाचायची माझी रीत साधी होती. आधी काथ्याने दगड घासायचा, मग शाळेतल्या खडूची भुकटी कोरलेल्या रेघांत बोटाने भरायची, वरची फडक्याने पुसायची, आणि ऊन तिरपं असताना फोटो घ्यायचा. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं उठून दिसतात. आणि फोटो झाला की दगड पाण्याने धुऊन टाकायचा. हा शेवटचा नियम माझाच होता. आपण आलो होतो याची खूण दगडावर राहता कामा नये, असं मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगायचो.

आता एक मधली गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. एकदा जळगावला इतिहासाची परिषद भरली होती. मी अर्ज करून तिथे एक निबंध वाचला, एका देवळाच्या चौकटीवरच्या लेखाबद्दल. त्यातलं एक नाव मी चुकीचं वाचलं होतं. चूक खरीच होती, नाकबूल नाही. पण समोर बसलेल्या एका प्राध्यापकाने ती नुसती दाखवली नाही. तो उठला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "ढोरांच्या डॉक्टरने ढोरांचे दात मोजावेत, अक्षरं आमच्यासाठी ठेवावीत." सभागृह हसलं. अहो, चहा देणारा माणूससुद्धा हसला! मी खाली बसलो. तळपायाची आग मस्तकात गेली होती. परतीच्या एसटीत मी शपथ घेतली, की यापुढे शंभरदा पक्कं झाल्याशिवाय कुठल्या दगडाचं वाचन तोंडातून बाहेर काढायचं नाही.

शपथ वाईट नव्हती. पण ती मी चुकीच्या माणसाला लावली.

बोरी नदीच्या काठी एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, सांगायचं नाही असं ठरलं आहे. गावाच्या वेशीशी जुनी विहीर आणि विहिरीला लागून हाळ. हाळ म्हणजे गुरांना पाणी प्यायचा लांबलचक दगडी हौद. संध्याकाळी गावातली सगळी जनावरं तिथे यायची, ढकलाढकली करत प्यायची. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला मला याहून सोयीची जागा नव्हती, जनावरं आपल्या पायांनी माझ्यापुढे यायची.

तिथे एक म्हातारा रोज सकाळी हाळ धुवायचा. विटकरीने शेवाळ घासायचा, तळाचा गाळ काढायचा. मी त्यांना आबा म्हणायचो. बौद्धवाड्यात त्यांचं घर. मला आधी वाटलं, पंचायतीने ठेवलेला माणूस असेल. विचारलं तर भडकले. त्यांच्या वाड्याने मेलेली ढोरं ओढणं, दवंडी देणं, सगळी गावकी कधीच सोडून दिली होती, आणि सोडायला सांगणाऱ्यांत आबा पुढे होते. वाड्यातली तरणी पोरं त्यांनाच टोकायची, की सगळं सोडलं मग ही हाळाची चाकरी का?

"हाई गावकी नही," आबा मला म्हणाले. "हाई घरनं काम शे. मना आजला सांगे, हाळ आपला शे. आपला माणूसनी बांधेल शे. दगडवर नाव शे त्यानं."

आणि गंमत बघा. ज्यांच्या पूर्वजाने हाळ बांधला म्हणायचं, त्यांच्याच माणसांना कित्येक पिढ्या त्या विहिरीवर घागर लावू दिली नव्हती. गावाच्या बैलाने प्यावं, म्हशीने प्यावं, यांनी नाही. म्हणजे बांधायला चालतात आणि प्यायला विटाळ! मला हे ऐकून संताप आला आणि दुसरीकडे, खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणीही सुटलं. असा लेख खानदेशात कोणी वाचलेला नव्हता. मी विचारलं, नाव काय? आबांनी मान हलवली.

"तुम्हीन वाचा," म्हणाले. "मी नही सांगावू."

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गेलो. पोळ्याआधी गुरं बघायला मला तसंही फिरावं लागायचं. हाळाच्या वरच्या अंगाला, जिथून विहिरीचं पाणी हाळात पडायचं, तिथे एक आडवी शिळा होती. तिच्यावर मेणासारखं हिरवं शेवाळ. आबांनी आणि मी ती घासली. खाली सहा ओळी निघाल्या. मी खडूची भुकटी भरायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला माझा हात थांबला. नाव होतं. बापाचं नाव होतं. आणि पुढे जात कोरलेली होती, गावाने पुढे जिची शिवी केली तीच, तिथे मात्र ठसठशीत, मानाने. खाली लिहिलं होतं, 'याणे हाळ बांधिला. गोरुवे पाणी पिती तो धर्म.' सरळ अक्षर, कुठे झीज नाही, कुठे शंका नाही. ढोरांच्या डॉक्टरलाच काय, चौथीतल्या पोरालाही वाचता आलं असतं.

आबा माझ्या पाठीशी उभे होते. विटकर हातात तशीच. त्यांना वाचता येत नव्हतं.

"नाव शे का तठे, डाक्टर?"

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आबा, घाई नको. पक्कं झाल्यावर सांगतो."

का म्हणालो मी असं? जळगावचं ते हसू माझ्या कानात होतं, हे एक कारण. पण तेवढंच असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. दुसरं कारण असं, की मला भीती वाटली. आबांना सांगितलं तर आबा गावाला सांगतील, गाव कोणाला तरी सांगेल, कोणी तरी शहाणा मोटारीतून येईल आणि माझा लेख आपल्या नावावर छापून मोकळा होईल. मला तो दगड माझा हवा होता. आयत्या बिळावरचे नागोबा म्हणून मी इतरांना शिव्या घालायचो, आणि त्या दिवशी त्या म्हाताऱ्याच्या बिळावर मीच फणा काढून बसलो होतो.

मी फोटो काढले. रोल संपवला. आता दगड धुवायचा, एवढ्यात शेजारच्या गावाहून एक जण सायकल दामटत आला. म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलं होतं. मी पिशवी उचलली आणि मोपेडला किक मारली. आबा मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. दगड तसाच राहिला, सहा पांढऱ्याशुभ्र ओळी मिरवत. अहो, मी हाळाला टेकून बसलो होतो! हाळ काठोकाठ भरलेला होता! बादली आबांची, पाणी आबांचं, माझं काय जात होतं? म्हैस आणि रेडकू दोन्ही वाचली, तेवढं एक पुण्य त्या दिवसाच्या खात्यावर आहे.

दुसऱ्या दिवशी पोळा. गावाने बैल धुवायला हाळावर आणले आणि बघतात तर दगडावर पांढरी अक्षरं! काल नव्हती, आज आहेत. पोळ्याच्या दिवशी. कोणी तरी बाईने हात जोडले, कोणी कुंकू वाहिलं, दुपारपर्यंत नारळ फुटला, आणि संध्याकाळी शेंदूर तेलात कालवून आला. लिखेलबाबा, असं देवाचं नावही ठरलं. लिहिलेला बाबा! आबा ओरडून सांगत होते, की अरे, त्यामा डाक्टरनी खडू भरेल शे, मी तठेच व्हतू. पण त्यांचं ऐकतो कोण? उलट त्यांनाच सांगितलं, की देवाच्या दगडाला आता हात लावायचा नाही.

मी पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा शेंदराचे चार थर बसले होते. वर पत्र्याचं छप्पर, घंटा, आणि दोन चांदीचे डोळे. डोळे! सहा ओळींच्या बरोबर मधे, त्या नावावरच चिकटवलेले. मी तिथल्या माणसांना सांगितलं, की बाबांनो, हा खडू आहे, मी भरला आहे, शाळेतला खडू. तर एक जण गंभीरपणे म्हणाला, "डाक्टर, तुमना हाते बाबानी करी लिधं." म्हणजे बाबाने माझ्याकडून करून घेतलं. कप्पाळ माझं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष गावचेच एक मोठे शेतकरी, माझ्याशी फार आदराने वागणारे. त्यांच्या बैलांचा मी डॉक्टर होतो. मी त्यांना म्हटलं, शेंदूर काढू द्या, ऐतिहासिक लेख आहे. ते म्हणाले, "साहेब, लेख आहे म्हणूनच तर देव आहे. साध्या दगडाला कोण विचारतं?" वर चहा पाजला, आणि मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी काढलेला लेखाचाच फोटो मागितला. मी दिला. दिला ना! माझ्यासारखा मूर्ख मीच. मला वाटलं, छापील फोटो बघून कोणी तरी तो वाचेल. त्यांनी तो उलटा छापला, अक्षरांचे पाय वर आणि डोकं खाली, आणि खाली लिहिलं, 'स्वयंभू देवाक्षरे'. कोणाच्याही लक्षात आलं नाही. लेखात काय लिहिलं आहे हे अध्यक्षांनी मला विचारलंसुद्धा होतं. तेव्हाही मी म्हणालो, "अजून पक्कं नाही."

पक्कं कुठे होणार होतं? मी लेख आणि फोटो पुण्याच्या एका नामांकित संशोधन मंडळाकडे पाठवले होते. त्यांचं उत्तर यायला दोन पोळे गेले. उत्तर असं, की खडू भरून घेतलेलं छायाचित्र ग्राह्य धरता येत नाही, कारण भरणारा आपल्याला हवं ते अक्षर भरू शकतो. मूळ दगडाचं खडूविरहित छायाचित्र पाठवावं. आणि खरं सांगू, त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणून तर माझा जास्त जळफळाट झाला. मूळ दगड! तो आता बोटभर शेंदराखाली, लोखंडी जाळीच्या मागे, चांदीच्या डोळ्यांनी माझ्याकडे टकाटका बघत होता.

या सगळ्या काळात लस टोचायला माझं गावात जाणं चालूच होतं. आबा भेटायचे. देवळाची जाळी आल्यापासून हाळ बंद झाला होता. देवाजवळ गुरांनी शेण टाकायचं नाही, म्हणून विहिरीचं पाणीच हाळात सोडणं बंद केलं. गुरं नदीच्या डबक्यावर जायला लागली, आणि त्या डबक्याने पोटात जंत होऊन मरायला लागली. मी औषधं पाजत फिरत होतो. 'गोरुवे पाणी पिती तो धर्म' असं ज्या दगडावर लिहिलं होतं, त्याच दगडापायी गुरांचं पाणी तुटलं. आणि ते वाचलेला गावात एकटा मी. आणि मी गप्प.

आबांचं काम गेलं होतं. ते वेशीच्या निंबाखाली विटकर घेऊन बसलेले असायचे. सवय, दुसरं काय.

"पक्कं व्हयनं का, डाक्टर?"

"नाही आबा. पुण्याहून उत्तर यायचं आहे."

पुढच्या खेपेला पुन्हा, "व्हयनं का?"

"नाही हो आबा. नवा फोटो लागेल म्हणतात."

ते कधी चिडले नाहीत. चिडायला हवं होतं. माझ्या मुस्काटात द्यायला हवी होती त्यांनी. ते फक्त म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या. तुमनं काम मोठं शे." आणि मी मोपेडवर बसताना स्वतःची समजूत घालायचो, की एकदा छापून आलं की अंकच आणून देऊ आबांच्या हातात. वाचता न येणाऱ्या माणसाच्या हातात अंक! काय ती माझी अक्कल.

एका हिवाळ्यात मी गेलो तर निंबाखाली कोणी नव्हतं. विचारलं. आबा जाऊन महिना झाला होता. थंडी बाधली, खोकला झाला, पाच-सहा दिवसांत आटोपलं. मला कोणी कळवलं नव्हतं, आणि का कळवावं? मी कोण लागत होतो त्यांचा?

मी तसाच बौद्धवाड्यात गेलो. आबांची बायको ओट्यावर तुरी निवडत बसली होती. मी त्यांना अक्का म्हणायचो. पोरं कामावर गेलेली. मी पिशवीतून फोटो काढला. मोठा करून घेतलेला तो फोटो गेली दोन-तीन वर्षं माझ्या पिशवीतच असायचा, आबांपासून चार हातांवर. मी म्हटलं, "अक्का, चुकलो मी. नाव आहे दगडावर. पहिल्याच दिवशी वाचलं होतं." आणि मी ते नाव उच्चारलं, बापाच्या नावासकट.

अक्कांनी मान वर केली नाही. तुरीतला खडा बाजूला टाकला.

"आमले मालूम शे ते नाव," म्हणाल्या. "घरमा पोऱ्या व्हयना का त्याना कानमा पहिले तेच नाव सांगतस आम्हीन. मी ह्या घरमा उनू तैपासूनच मालूम शे."

मी ओट्याच्या पायरीवर बसलो.

"मग आबा मला का विचारत होते? मला सांगितलं का नाही?"

"आम्हीन सांगतूत ते लोके म्हनतात, यासनीच सांगेल शे, डाक्टर यासनं आयकीसन वाचस." त्यांनी आता माझ्याकडे बघितलं. "तुम्हीन परक्या माणूस. तुम्हीन आपला डोळास्नी वाचं, आनि तेच नाव निंघनं, ते खरं. त्यासले आयकनं व्हतं तुमना तोंडथीन. हाळवर. चार लोकेसमा. बस, तेवढंच व्हतं."

म्हणजे बघा. प्राध्यापक, संशोधन मंडळ आणि मी, आम्ही सगळे पुरावा पुरावा म्हणून नाचत होतो. आणि ज्याला अक्षर ओळखता येत नव्हतं, त्या म्हाताऱ्याने पुरावा म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांपेक्षा नीट ओळखलं होतं. नाव ओठांवर असून त्याने माझ्यापुढे ते इतकी वर्षं उच्चारलं नाही, माझं वाचन बाटू नये म्हणून! आणि मी त्याला दोन शब्द दिले नाहीत. मला रडू आलं नाही, मला राग आला. इतका राग, की ओट्याच्या दगडावर डोकं आपटावं असं वाटलं.

मी म्हटलं, "अक्का, मी छापतो हे. कुठेही छापतो. सगळ्या गावाचं नाव घेऊन छापतो."

"छापानं ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाल्या. "छापेल कोन वाचस आठे? तठे जाईसन म्हना."

म्हणून या लिहिण्यात ते नाव नाही, आणि गावाचंही नाही. ते त्यांचं आहे, आणि ते कसं सांगायचं हे त्यांनी ठरवलं आहे.

दिवे लागायची वेळ होती. देवळात आरती सुरू होती. फरशी, ट्यूबलाइट, लाउडस्पीकर, सगळं झालं होतं तोवर. चाळीसेक माणसं असतील. अध्यक्षांनी मला बघून हसत पुढे बोलावलं, लिखेलबाबाचा पहिला मानकरी म्हणून. आरती संपली. मी जाळीपाशी गेलो, लाउडस्पीकरचा माइक हातात घेतला आणि फोटो समोर धरून सहा ओळी खणखणीत आवाजात वाचल्या, दगडावर होत्या तशाच, जुन्या भाषेत. पहिली ओळ, मिती, शक, नाव, बापाचं नाव, जात, हाळ, गोरुवे, धर्म. शब्द एकही चुकला नाही.

वाचून झालं आणि अध्यक्षांनी दोन्ही हात वर केले. "बोला, लिखेलबाबा की..."

"जय!" चाळीस गळ्यांतून निघालं. एका बाईने माझ्या पायाला हात लावला. कोणी तरी माझ्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा आणि साखर ठेवली. त्यांना वाटलं, मी मंत्र म्हटला! वाटणारच. जुनी भाषा, भरभर वाचलेली, देवळात उभं राहून. मी त्या खोबऱ्याकडे बघत उभा राहिलो. वरातीमागून घोडं आणलं होतं, आणि वऱ्हाडी त्यालाही ओवाळत होते.

तेवढ्यात देवळाबाहेरून आवाज आला. अक्का माझ्या मागोमाग आल्या होत्या. त्या फरशीवर चढल्या नव्हत्या. कोरड्या हाळाच्या काठावर हात ठेवून उभ्या होत्या, नेमक्या तिथे, जिथे आबा शेवाळ घासायचे.

"डाक्टर," त्या म्हणाल्या, "आखो एकदाव म्हना. यासले समजीन असं."

मी खोबरं खिशात टाकलं. फोटो घडी करून ठेवला, त्याची आता गरज नव्हती. माइकही खाली ठेवला. अध्यक्षांकडे तोंड करून मी साध्या मराठीत सांगितलं, की हा देव नाही. हा हाळ बांधणाऱ्या माणसाचा दगड आहे. त्याचं नाव अमुक, त्याच्या बापाचं नाव अमुक, तो या बाईच्या घरचा, आणि त्याची जात ही, जी तुम्ही वाड्यावरून जाताना तोंडातल्या तोंडात म्हणता. त्याने तुमच्या गुरांसाठी हा हाळ बांधला. गुरं पाणी पितील तोच धर्म, असं त्याने लिहून ठेवलं. खडू मी भरला होता. धुवायचा राहिला, ती चूक माझी. आणि हे सगळं मी पोळ्याच्या आदल्या दिवशीच वाचलं होतं आणि अक्कांच्या नवऱ्याला सांगितलं नाही, ते पाप माझं.

मग मी ते नाव पुन्हा घेतलं, मोठ्याने.

या वेळी जय कोणी म्हटलं नाही.